पणजोबांचा वस्तरा आणि पुसलेली अक्षरं

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरी दरवर्षी एक तरी भांडण होतंच. गेल्या वेळचं कारण होतं माळ्यावरची पत्र्याची ट्रंक. आईचं म्हणणं, भंगारात द्या. बाबांचं म्हणणं, त्यात त्यांच्या आजोबांची कागदपत्रं आहेत. शेवटी तडजोड म्हणून ट्रंक उघडली. आत जी.आय.पी. रेल्वेचे जुने कागद, एक काडी तुटलेला चष्मा, अर्धवट पंचांग आणि फडक्यात गुंडाळलेला एक वस्तरा निघाला.

"हा आमच्या आजोबांचा," बाबा म्हणाले. "भुसावळला होते तेव्हा यानेच दाढी करायचे म्हणे. मी काही कधी पाहिलं नाही."

पातं पार गंजलं होतं. काळपट-लाल खपल्या, मधे मधे खड्डे. मूठ मात्र काळ्या शिंगाची आणि जवळजवळ शाबूत. मी लगेच जाहीर केलं, "बाबा, दोन वीकांत द्या मला. नवा करून दाखवतो!"

आता थोडी पार्श्वभूमी. मी तसा मेकॅनिकलचा, पोटासाठी आयटीत आलेला. (आमच्या टीममधे अर्धे लोक असेच आहेत. उरलेले सिव्हिलचे.) दिवसभर स्क्रीनवरच्या अदृश्य गोष्टी दुरुस्त करून झाल्यावर हाताला लागेल असं काहीतरी करावंसं वाटतं. त्यातून वर्षभरापूर्वी जुने वस्तरे विकत घेऊन नीट करायचा नाद लागला. जुन्या बाजारात दीडशे-दोनशे रुपयांना वस्तरा मिळतो. घरी आणायचा, गंज काढायचा, धार लावायची आणि रविवारी सकाळी त्याने दाढी करायची. आईच्या मते हे वेड आहे. माझ्या मते हा फार स्वस्तातला छंद आहे. असो.

तर पणजोबांचा वस्तरा. मी रीतसर कामाला लागलो. मुठीतली खीळ काढून पातं सुटं केलं. ४०० नंबरचा पॉलिशपेपर, मग ६००, ८००, १०००, २०००. शेवटी ब्रासो. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी पात्यात तोंड दिसायला लागलं. मी विजयी मुद्रेने बाबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर करून पातं दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले,

"छान झालाय. पण इथे काहीतरी लिहिलं होतं ना रे?"

माझ्या पोटात खड्डा पडला. काम सुरू करायच्या आधी मोबाइलवर काढलेला एक फोटो होता. तो मोठा करून पाहिला. गंजाच्या खाली, पात्याच्या सपाट अंगावर, पुसट इंग्रजी अक्षरं. मी ज्याला मळ समजलो होतो ती अक्षरं होती. बरंच खाल्लं गेलं होतं, पण शेवटचे तीन शब्द लागले : 'फाइन इंडिया स्टील'.

आमच्या धंद्यात एक भयकथा प्रत्येक नवशिक्याला सांगतात. कुणीतरी प्रॉडक्शनच्या डेटाबेसवर 'व्हेअर' न लिहिता डिलीट चालवतो आणि बॅकअप नसतो. मी पणजोबांच्या वस्तऱ्यावर तेच केलं होतं. शंभरएक वर्षं गंजानेसुद्धा जे पुसलं नाही ते मी पंधरा दिवसांत, हौसेने, पाच नंबरचे पेपर वापरून पुसलं.

हा लेख म्हणजे त्या पापाचं प्रायश्चित्त समजा. अक्षरं परत येणार नाहीत, पण ती काय सांगत होती ते तरी शोधावं म्हटलं.

सुरुवातीला हे सांगितलं पाहिजे की वस्तऱ्यावर दोन प्रकारची अक्षरं असतात. पात्याच्या मागे मुठीकडे जाणारा जो जाड दांडा असतो, त्यावर कारखान्याचं नाव ठोकलेलं असतं. लोखंड लाल असताना ठसा मारलेला, त्यामुळे खोल. माझ्या वस्तऱ्यावर हे नाव वाचलं आहे : 'वेड अँड बुचर, शेफील्ड'. दुसरी अक्षरं पात्यावर, आम्लाने कोरलेली. ती केसाच्या जाडीइतकीसुद्धा खोल नसतात. पॉलिशपेपरचा पहिला बळी तीच.

इंग्लंडमधलं शेफील्ड हे एकोणिसाव्या शतकात जगाचं सुऱ्या-चाकूंचं गाव. तिथल्या कारागिरांची संघटना, कटलर्स कंपनी, १६२४ पासूनची. विल्यम आणि सॅम्युएल बुचर हे तिथले बडे कारखानदार. त्यांचे वस्तरे मुख्यतः अमेरिकेत खपायचे आणि तिथून जगभर त्यांचं नाव झालं. आजही जुन्या वस्तऱ्यांचे शौकीन 'वेड अँड बुचर' म्हटलं की कान टवकारतात. जड, रुंद, पाचरीसारख्या आकाराचं पातं. हातात घेतलं की आपण दाढी करणार आहोत की बोकड कापणार आहोत असा प्रश्न पडतो. :)

पण मग शेफील्डच्या वस्तऱ्यावर 'इंडिया स्टील' का?

याचं उत्तर शोधायला लागलो आणि गाडी थेट मुंबईत येऊन थांबली. १७९४ साली मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हेलेनस स्कॉट नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी लंडनला, रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे इकडच्या पोलादाचे काही नमुने पाठवले. सोबत पत्र, की या पोलादाला इकडे फार मान आहे आणि याच्याइतकी कडक धार दुसऱ्या कशाला येत नाही. या पोलादाचं नाव त्यांनी लिहिलं 'वूट्झ'. कन्नड आणि तेलुगूत पोलादाला 'उक्कू' म्हणतात. त्याचंच हे बिघडलेलं रूप असं बहुतेक अभ्यासक मानतात.

बँक्सनी ते नमुने जॉर्ज पिअर्सन या रसायनतज्ज्ञाकडे दिले. पिअर्सनने १७९५ मधे रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर प्रबंध छापला. प्रबंधाच्या शीर्षकातच म्हटलंय की हे पोलाद मुंबईत बनतं. आता मुंबईत कुठली आली पोलादाची भट्टी! हा माल बनायचा मुख्यतः दक्षिणेत, म्हैसूर, सेलम, निजामाच्या मुलखातली तेलंगणची गावं अशा ठिकाणी. मुंबई नुसतं बंदर. पण ज्या बंदरातून खोकं आलं तेच गाव लेबलवर लागलं. करणारा एक आणि नाव तिसऱ्याचंच, हा प्रकार इथूनच सुरू झाला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

पिअर्सनसाठी त्या पोलादाचा एक छोटा चाकू घडवून दिला तो जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या कारागिराने. शस्त्रक्रियेची हत्यारं आणि वस्तरे बनवणं हा त्याचा धंदा. चाकू घडवता घडवता स्टोडार्ट या पोलादाच्या प्रेमातच पडला. पुढे त्याने आपल्या दुकानाच्या जाहिरातीतच छापलं की आपण वस्तरे हिंदुस्थानी वूट्झचे करतो आणि युरोपातल्या उत्तमातल्या उत्तम पोलादापेक्षा आपल्याला ते पसंत आहे.

आता हे वूट्झ करायचे कसे? आम्हाला दुसऱ्या वर्षाला मेटलर्जी होती. तेव्हा आयर्न-कार्बन डायग्राम मी शेजारच्याचा बघून काढला होता आणि सबमिशनला सही मिळाल्यावर विसरून गेलो होतो. आता मात्र तो उघडून बसावं लागलं.

मूळ प्रश्न एवढाच : शुद्ध लोखंड मऊ असतं. त्यात साधारण एक टक्क्याच्या आसपास कार्बन गेला की ते पोलाद होतं, तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं आणि धार धरतं. फार गेला तर बीड होतं, ठिसूळ. तेव्हा कार्बन घालायचा, पण मापात, आणि सगळीकडे सारखा. गावठी भट्टीत हे साधणं महाकठीण, कारण तिथे लोखंड पूर्ण वितळतच नाही.

दक्षिणेतल्या कारागिरांची युक्ती अशी. लोखंडाचे तुकडे मातीच्या छोट्या मुशीत भरायचे. सोबत तरवडाचं वाळलेलं लाकूड आणि वरून रुईची पानं. होय, आपल्याकडे माळरानावर पिवळ्या फुलांचं असतं तेच तरवड आणि शनिवारी मारुतीला घालतो तीच रुई! मुशीचं तोंड मातीने लिंपून बंद करायचं. अशा वीस-चोवीस मुशी भट्टीत कमानीसारख्या रचायच्या आणि अडीच तास भाता मारायचा. बंद मुशीत पानं-लाकूड जळून त्यातला कार्बन लोखंडात उतरतो, कार्बन वाढला की वितळायचं तापमान खाली येतं, आणि लोखंड पातळ होतं. मूस थंड झाली की फोडायची. आत तळहातावर मावेल एवढी पोलादाची वडी. साधारण दीड टक्का कार्बन.

हे वर्णन माझं नाही. जोसिया हीथ या इंग्रजाने १८३९ साली लिहून ठेवलंय. हा हीथ पुढे येणारच आहे.

इंग्लंडमधेही मुशीत पोलाद वितळवायची कला होती, पण ती १७४० च्या दशकातली. बेंजामिन हंट्समन नावाचा डॉनकास्टरचा घड्याळजी होता. घड्याळाच्या स्प्रिंगा सारख्या तुटतात म्हणून वैतागलेला. त्याने शेफील्डजवळ येऊन गुपचूप प्रयोग केले आणि कोकच्या भट्टीत, मातीच्या मुशीत पोलाद वितळवून एकजीव करून दाखवलं. गंमत म्हणजे शेफील्डच्या कारागिरांनी आधी ते नाकारलं. फार कडक आहे, काम करायला जड जातं म्हणे. मग हंट्समनने माल फ्रान्सला विकला, फ्रेंच चाकू इंग्रजांच्या चाकूंपेक्षा सरस निघायला लागले, तेव्हा यांचे डोळे उघडले. (नवीन टेक्नॉलॉजी आणि सीनिअर लोक, ही गोष्ट सगळ्या ऑफिसांत सारखीच.) आरशासारखं चकचकीत करता येणारं, आत कचरा नसलेलं पातं हंट्समनच्या पोलादामुळेच शक्य झालं. शेफील्डचा वस्तरा जगप्रसिद्ध झाला तो या मुशीच्या जोरावर. मूस तीच, पण मुळात दक्षिण हिंदुस्थानात ती शतकानुशतकं जुनी.

मग १८१९ च्या सुमाराला या गोष्टीत एक मोठा माणूस येतो. मायकेल फॅरेडे! होय, तोच, बारावीच्या फिजिक्समधला. विजेच्या शोधांच्या आधी काही वर्षं फॅरेडेने पोलादावर काम केलं होतं हे मला इंजिनिअरिंगची चार वर्षं कुणी सांगितलं नाही. लोहाराचाच मुलगा तो. स्टोडार्टने त्याला गाठलं आणि प्रश्न टाकला की वूट्झमधे असं काय आहे, आणि आपण ते इथे बनवू शकू का?

फॅरेडेने वूट्झचं पृथक्करण केलं आणि त्याला वाटलं की त्यातल्या अ‍ॅल्युमिनिअम आणि सिलिकाच्या अंशामुळे हे गुण येतात. हे चुकीचं होतं. खरी गोष्ट कार्बनची होती आणि डेव्हिड मशेट या धातुतज्ज्ञाने आधीच, शतकाच्या सुरुवातीला, वूट्झमधे कार्बन जास्त आहे हे सांगितलं होतं. पण फॅरेडेची चूक फार सुपीक निघाली. कार्बनऐवजी दुसरं काहीतरी घालून बघू म्हणून तो आणि स्टोडार्ट पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडिअम, निकेल असं काय काय मिसळत सुटले. १८२० आणि १८२२ साली त्यांचे प्रबंध निघाले. पोलादाच्या मिश्रधातूंचा पद्धतशीर अभ्यास तिथून सुरू झाला असं मानतात. या खास पोलादाचे वस्तरे फॅरेडेने मित्रांना भेट म्हणूनही दिले. फॅरेडेने दिलेल्या वस्तऱ्याने दाढी करणारी माणसं जगात होऊन गेली, या कल्पनेनेच मला भारी वाटतं.

त्यांच्या प्रयोगात पाचशे भाग पोलादाला एक भाग चांदी, हे मिश्रण चांगलं उतरलं असं त्यांना दिसलं. त्यापेक्षा जास्त चांदी पोलादात मुरतच नव्हती, थेंब थेंब बाहेर यायची. आजच्या ज्ञानाप्रमाणे त्या चांदीचा धारेला काही खास उपयोग नव्हता. पण 'सिल्व्हर स्टील' हे नाव काय भारदस्त आहे! शेफील्डवाल्यांनी ते उचललं आणि पुढची कित्येक वर्षं वस्तऱ्यांवर छापलं. त्या पात्यांत चांदी असो वा नसो.

इथे माझी ट्यूब पेटली. 'इंडिया स्टील' हेही तसंच नसेल?

शेफील्डचे चांगले कारखाने वस्तऱ्याच्या पोलादासाठी जे लोखंड वापरायचे ते मुख्यतः स्वीडनमधून यायचं. शुद्ध, फॉस्फरस कमी. वूट्झच्या वड्या लांबून आणायच्या, त्यात कार्बन जास्त म्हणून घडवायला अवघड, जरा जास्त तापलं की हातोड्याखाली तडकायच्या. दरवर्षी हजारो वस्तरे करणाऱ्या कारखान्याला ते परवडणारं नाही. म्हणजे माझ्या पात्यात हिंदुस्थानचं पोलाद असण्याची शक्यता फार कमी. स्टोडार्ट आणि फॅरेडेमुळे 'इंडिया' या शब्दाला वजन आलं होतं आणि ते वजन विक्रीला वापरलं गेलं, असंच मला वाटतं. आजच्या भाषेत मार्केटिंग.

मग काय, सगळंच खोटं? मीही इथे थोडा हिरमुसलो. पण हीथची गोष्ट वाचली आणि पुन्हा सरसावून बसलो.

जोसिया मार्शल हीथ मद्रासच्या नागरी सेवेत होता. नोकरी सोडून त्याने १८३० च्या सुमारास पोर्टो नोव्हो इथे, म्हणजे आजच्या तमिळनाडूतल्या परंगीपेट्टईला, लोखंडाचा कारखाना काढला. तो काही नीट चालला नाही. पण या काळात त्याने इकडच्या मुशी, भट्ट्या आणि कारागीर जवळून पाहिले. नंतर तो शेफील्डला गेला आणि १८३९ मधे एक पेटंट घेतलं : मुशीत पोलाद वितळवताना त्यात मँगनीज आणि कार्बनचं संयुग टाकायचं. एवढ्याशा गोष्टीने स्वस्त लोखंडापासूनही चांगलं, घडवता येणारं मुशीचं पोलाद मिळायला लागलं. शेफील्डच्या कारखानदारांचे टनामागे कित्येक पौंड वाचले.

आणि हीथचं काय झालं? त्याच्याच ओळखीच्या माणसाने तयार संयुगाऐवजी मँगनीजचं ऑक्साइड आणि कोळसा वेगवेगळे मुशीत टाकले. मुशीच्या आत ते एकत्र येऊन व्हायचं तेच झालं. पण पेटंटमधे 'संयुग' लिहिलंय, आम्ही तर दोन वेगळ्या वस्तू टाकल्या, असा त्यांचा युक्तिवाद. खटले वर्षानुवर्षं चालले. हीथ कोर्टकचेऱ्यांत खंक झाला आणि निकाल लागायच्या आधीच वारला. १८५५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने शेवटचा निकाल दिला, तोही त्याच्या विरुद्ध. ज्याच्या कल्पनेवर अख्खं गाव श्रीमंत झालं त्याचं नाव एकाही वस्तऱ्यावर नाही.

मात्र हीथचं नाव निदान कोर्टाच्या निकालात तरी राहिलं. ज्यांच्याकडे बघून तो शिकला त्या मुशीवाल्यांचं तेवढंही नाही. पिअर्सन, स्टोडार्ट, फॅरेडे, मशेट सगळ्यांची नावं मिळाली. रुईची पानं मुशीत भरणाऱ्या एकाही माणसाचं नाव मला मिळालं नाही. फार तर 'नेटिव्ह' म्हणून उल्लेख.

आणि शेफील्डमधे तरी वेगळं काय होतं? पात्याला आकार देणारे घिसाडी (त्यांना तिकडे ग्राइंडर म्हणतात) फिरत्या दगडावर ओणवे होऊन दिवसभर पाती घासायचे. दगड वाळूचा. त्याची आणि पोलादाची धूळ फुप्फुसात. शेफील्डच्या डॉ. नाइट यांनी नोंदवलेलं एंगल्सने आपल्या १८४५ च्या पुस्तकात दिलंय. कोरड्या दगडावर जेवणाचे काटे घासणारे २८ ते ३२ व्या वर्षी मरायचे. वस्तरे घासणारे काही काम ओल्या आणि काही कोरड्या दगडावर करत, ते ४० ते ४५ व्या वर्षी. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. हे वाचलं त्या दिवसापासून पॉलिशपेपर नेहमी पाण्यात भिजवून वापरतो आणि मास्क लावतो. वस्तऱ्यावर बुचर साहेबांचं नाव खोल ठोकलंय. ज्याने तो घासला त्याचं कुठेच नाही.

अजून एक गंमत. या वस्तऱ्याची मूठ काळ्या शिंगाची आहे असं वर म्हटलं. शेफील्डच्या मुठींसाठी हिंदुस्थानातून म्हशीची आणि सांबराची शिंगं जहाजं भरभरून जायची. म्हणजे जिथे 'इंडिया' लिहिलं होतं त्या पोलादात बहुधा काहीच इंडियाचं नव्हतं, आणि ज्या मुठीवर काहीच लिहिलं नव्हतं ती कदाचित आपल्याकडच्या म्हशीची असेल! लेबल वाचून इतिहास समजून घ्यायचा नाही, हा धडा इथे मिळाला. पण लेबल पुसून टाकलं असतं तर (म्हणजे टाकलंच) हा धडाही मिळाला नसता. माझ्या मोबाइलमधे तो एक फोटो नसता तर मी हे काहीही शोधायला गेलो नसतो. आमच्या घरात हा 'पणजोबांचा चकचकीत वस्तरा' एवढाच राहिला असता.

पुढची गोष्ट थोडक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीतलं झोलिंगेन शेफील्डला भारी पडायला लागलं. त्यांची पाती दोन्ही अंगांनी खोलगट, पातळ, हलकी. काही जर्मन माल तर शेफील्डचं नाव छापून विकला जायचा. मग इंग्रजांनी १८८७ चा कायदा केला आणि त्यातून 'मेड इन जर्मनी' हे शब्द जन्माला आले. इंग्रजांना वाटलं लोक ते वाचून नाक मुरडतील. झालं उलटंच! आणि १९०३ साली जिलेट कंपनीने आपले पहिले सेफ्टी रेझर विकले. वर्षभरात विक्री ५१ रेझर आणि १६८ पाती. दुसऱ्या वर्षी रेझरची संख्या नव्वद हजारांच्या वर. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना सेफ्टी रेझर वाटले गेले आणि वस्तऱ्याचं युग संपलं. आपल्याकडे न्हाव्याच्या धोकटीत तो बराच काळ टिकला. पण एड्सच्या भीतीनंतर तिथेही अर्धं ब्लेड घालून टाकून द्यायचा उस्तरा आला. ते योग्यच झालं. वस्तरा ही टूथब्रशसारखी एका माणसाची वस्तू आहे.

आता परत आमच्या वस्तऱ्याकडे. अक्षरं गेली होती, पण धार लावायची राहिली होती. वस्तऱ्याची खुबी अशी की त्याचा कोन तो स्वतःच ठरवतो. पातं दगडावर आडवं ठेवायचं, पाठीचा जाड कणा आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेले. कणा जितका जाड आणि पातं जितकं रुंद त्यावरून कोन आपोआप ठरतो. आपण फक्त दाब न देता सरकवायचं. आधी १००० चा दगड, मग ४००० आणि ८०००, शेवटी १२०००. यात घाई करणारा फसतो. मग चामड्याच्या पट्ट्यावर पन्नास-साठ हात, कणा पुढे ठेवून. उलटवताना कण्यावरून उलटवायचं, धारेवरून कधीच नाही, नाहीतर पट्टा कापला जातो आणि धारही जाते. शेवटी डोक्याचा एक केस उपटून पात्यावर टेकवायचा. नुसता टेकल्यावर तुटला की झालं.

तुटला! मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दाढी केली. चेहऱ्याशी साधारण तीस अंशांचा कोन, एका हाताने कातडी ताणलेली. पाचरीसारखं जड पातं स्वतःच्या वजनाने उतरतं आणि गालावर गवत कापल्यासारखा खरखर आवाज येतो. कान-मान शाबूत. हनुवटीवर एक छोटी चीर पडली, ती चालायचीच.

बाबा दारात उभे राहून बघत होते. "आजोबांचा हात कसा असेल रे," एवढंच म्हणाले.

नंतर आठवडाभराने मामांचा फोन आला. त्यांच्याकडेही जुना वस्तरा आहे, तो पण "तसा चकचकीत करून दे" म्हणाले. घेऊन आलो. या वेळी आधी दोन्ही बाजूंचे, तिरप्या उजेडात, वीसएक फोटो काढले. ते तीन ठिकाणी ठेवले. मग पात्यावर तेल लावून दोन दिवस ठेवलं, सुटणारा लाल गंज मऊ फडक्याने आणि लाकडाच्या चपट्या काडीने काढला. काळा थर तसाच ठेवला. तो पोलादाचं रक्षणच करतो. पॉलिशपेपर खोक्यातून काढलाच नाही. फक्त धारेची जी एक-दोन मिलिमीटरची पट्टी असते तेवढीच दगडावर चमकली.

मामांनी वस्तरा हातात घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. "हा तर जुनाच दिसतोय!"

"जुनाच आहे, मामा," मी म्हटलं. "जरा उजेडात धरा. पात्यावर काहीतरी लिहिलंय, ते आधी वाचू."